काचेच्या टाकीतली लागण

आमच्या प्रयोगशाळेतल्या नव्या टाकीतली पानं विरघळायला लागली, त्याच आठवड्यात सांगलीच्या रस्त्यांवरून उसाच्या गाड्या सुरू झाल्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर आवळून बांधलेल्या मोळ्या, मागं लोंबणारं शेंड्यांचं हिरवं वाढं, आणि गाडी पुढं गेली की रस्त्यावर बराच वेळ रेंगाळणारा गोडसर, हिरवा वास. कॉलेजला चालत जाताना मी त्या वासापाशी जरा हळू होते. गावाकडं हा वास अंगणातच असायचा. तेव्हा तो येतो हेसुद्धा कधी कळलं नव्हतं.

टाकी आमच्या प्राणिशास्त्र विभागानं आणली. खाली वाळू, वाळूत दुकानातून आणलेली पाणवनस्पतींची रोपं, आणि थोडे मासे. सुरुवातीला सगळ्यांनी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढले. मग पाणी दुधट झालं. पानांच्या कडा आधी तपकिरी आणि नंतर ओल्या कागदासारख्या पारदर्शक झाल्या. बोट लावलं की पान हातात यायचं.

"मेलंय ते. उपटून दुसरं लावू," वर्गातली एक मुलगी म्हणाली.

"राहू दे ना थोडे दिवस," मी म्हणाले.

"का?"

वर्गात मी तशी कमीच बोलते. आमच्या घरात वाढलेल्यांत कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळं काही सांगण्याआधी ते बरोबर आहे ना, असं मनात दोनदा घोळवायची सवय लागली आहे. घोळवून होईपर्यंत बहुतेक वेळा विषय बदललेला असतो. त्या दिवशीही बदलला. मी मात्र टाकीसमोरच राहिले. काचेला नाक लावून बघितलं तर त्या दुधट पाण्यातून मला आमचा सोपा दिसायला लागला, कोरेगावजवळच्या आमच्या घराची पुढची ओसरी, आणि त्या सोप्यात गुडघ्यांवर बसलेली वहिनी.

मी बारावीला होते तो हिवाळा. दादाचं लग्न झालं होतं. दादा फौजेत आहे. लग्नाला म्हणून मिळालेली त्याची रजा संपत आली होती. वहिनी सांगलीची, शहरात वाढलेली. तिचे वडील हळदीच्या पेठेत कामाला. घर दोन खोल्यांचं, पण पुढच्या खोलीत माशांची मोठी टाकी. आमच्याकडं घर मोठं, अंगण मोठं, गोठा, परसात शेवगा, आणि माणसं मोजकी. त्यातही उसाच्या लागणीचे, म्हणजे लावणीचे, दिवस. आई-आप्पा सकाळीच रानात जायचे ते दिवेलागणीला यायचे. रानात सऱ्या पाडल्या होत्या, बेणं तोडून कांड्या करून ठेवल्या होत्या, आणि घरात जो तो चिखलाचे पाय घेऊन फक्त जेवायला येत होता. अशात नवी नवरी दिवसभर एकटी.

"करमतंय का गं?" आई विचारायची.

"करमतंय की, आत्या," वहिनी म्हणायची. आमच्याकडं सून सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणते. ती हे इतकं चटकन म्हणायची की करमत नाही हे लगेच कळायचं.

दादानं एकदा माझ्यासमोरच तिला विचारलं, की घरचं काय आठवतं. ती म्हणाली, "पप्पांची टाकी." वडील आठवतात, गल्ली आठवते, मैत्रिणी आठवतात, हे सांगायची तिला लाज वाटली असावी. टाकीचं सांगणं सोपं होतं. हे मला आता कळतं. मीही इथं कुणी विचारलं तर गावची हवा आठवते असं सांगते.

दुसऱ्याच दिवशी दादानं गाडी काढली आणि मला मागं बसवून साताऱ्याला नेलं. येताना दोन फुटी टाकी माझ्या मांडीवर. रस्त्यात खड्डा आला की दादा पुढून ओरडायचा, "धरलीस का?" मी म्हणायचे, "धरलीया. तू म्होरं बघ." रोपांची ओली पिशवी आणि माशांची फुगवलेली पिशवी त्याच्या गळ्यात. येणारीजाणारी माणसं वळून बघत होती. दादाच्या पाठीवरून तो हसतोय हे कळत होतं.

टाकी सोप्यात, दादाच्या काळ्या ट्रंकेवर फळी टाकून ठेवली. खाली धुतलेली वाळू पसरली. वहिनी रोपं पाण्यात भिजवून बसली होती. आम्ही लावायला घेणार, तेवढ्यात आप्पा रानातून आले. हातपाय न धुता तसेच उभे राहून बघायला लागले.

"ह्या वाळूत काय खाऊन जगायचं रं त्या रोपानं?"

"आप्पा, पाण्यातली रोपं हायत ती," दादा म्हणाला.

"पाण्यातली असूंदेत न्हाईतर डोंगरावरली. लागण म्हंजे लागण. बेसल डोस नको?"

लागणीच्या वेळी सरीत कांडीखाली जे खत देतात, त्याला आमच्याकडं सगळे बेसल डोसच म्हणतात. आप्पांना शाळा फारशी नाही, पण हा शब्द ते अगदी ऐटीत उच्चारतात. ते गेले आणि पाटीत काळी माती घेऊन आले. तिच्यात चाळलेलं शेणखत. वर, लागणीला आणलेल्या पोत्यातलं मूठभर दाणेदार खत. वाळू बाजूला सारून त्यांनी हे सगळं खाली दाबून बसवलं आणि वरून वाळू ओढली. इतक्या मायेनं की दादाला काही बोलवेना. वहिनीनं एकदा दादाकडं बघितलं, एकदा आप्पांच्या हाताकडं, आणि पदर सारखा केला.

पुढं खूप दिवसांनी मी तिला विचारलं, "तुला तेव्हाच कळलं होतं ना?"

"शंका आली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"वा गं. हळद अजून उतरली नव्हती माझी. आणि मामांच्या खताला नको म्हणू?"

रोपं लावली, पाणी भरलं, मासेही त्याच संध्याकाळी सोडले. धीर कुणालाच नव्हता, कारण दादा जायच्या आत टाकी पूर्ण दिसायला हवी होती. आणि ती दिसली. ट्यूब लावल्यावर सोपा हिरवा-निळा झाला. शेजारच्या बायका बघून गेल्या. दादा कोरेगाव स्टेशनवर गाडीत चढला तेव्हा खिडकीतून वहिनीला शेवटचं म्हणाला ते, "माशांना लय खायला घालू नको."

तो गेला, आणि पाणी बिघडायला लागलं. आधी चहासारखं झालं. मग पांढुरकं, जणू कुणी त्यात तांदूळ धुतले होते. मग सोप्यात जोत्यापाशी वास यायला लागला. रानात आला असता तर वाईट वाटला नसता असा, पण घरात नको वाटणारा. रोपांची पानं मऊ पडून गळायला लागली. मासे वरच्या कडेला येऊन तोंडं उघडी टाकून राहायचे.

"तहान लागलीया का गं त्यास्नी?" आईनं विचारलं. वहिनी आणि मी एकमेकींकडं बघून इतक्या हसलो की आईच रुसली. त्या घरात वहिनीला मी मोकळं हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

आईची आणखी एक गोष्ट होती. टाकीवरची ट्यूब ती बंद करू द्यायची नाही. दिवसा घरात अंधार, म्हणून मासे अंधारात कशाला. आणि दिवेलागणीला तर लागलेला दिवा मालवायचाच नाही. त्यामुळं ट्यूब सकाळपासून झोपेपर्यंत चालू. काचेवर आतून शेवाळाचा हिरवा थर धरला. वहिनी तो कापडानं पुसायची, परत धरायचा.

एके दिवशी दुपारी एक मासा पाण्यावर आडवा तरंगताना दिसला. वहिनीनं तो ओंजळीत घेऊन परसात शेवग्याच्या बुडाशी पुरला. मग ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. मी राहिलेली बादली घेऊन जिना चढत होते, तेव्हा तिचा आवाज आला. फोनवर होती.

"पप्पा, लागण उरकली की मला न्यायला या. यांना फॅमिली क्वार्टर मिळेपर्यंत मी तिकडंच राहते. हितं सगळे चांगले आहेत हो. पण हितं माझं असं..." पुढचा शब्द तिला सापडला नाही, किंवा वडिलांना सांगवला नाही. मी बादली तिथंच पायरीवर ठेवली आणि खाली आले.

हे सांगताना मला थोडा संकोच वाटतो. ती गेली तर काय बिघडणार होतं? नव्या नवऱ्या माहेरी जातातच. पण क्वार्टर कधी मिळणार हे कुणालाच माहीत नव्हतं. ती गेली असती तर आमच्या घरी पाहुणीसारखी येऊन पाहुणीसारखी परतली असती, आणि दादाची सुट्टी संपली की ते घर तिच्यासाठीही संपलं असतं. आणि मला ती हवी होती. दादा गेल्यापासून ती माझ्या खोलीत निजायची. बारावीनंतर काय करणार, हे मला विचारणारी ती पहिली. घरात तो प्रश्न कुणी टाळत होतं असं नाही, पण तो कुणाच्या मनात उभाच राहिला नव्हता. "बीएस्सी कर की. सांगलीला ये," ती इतक्या सहज म्हणाली होती, की सांगली म्हणजे आमच्या विहिरीच्या पलीकडची वस्ती वाटावी.

टाकी निवळली तर वहिनी राहील, असं माझ्या मनानं घेतलं. का घेतलं ते आज सांगता येत नाही. त्या वयात मन काही तरी धरून बसतं आणि मग तेच खरं वाटतं.

मी तेव्हा परीक्षेसाठी नत्राचं चक्र पाठ करत होते. बाणांची आकृती डोळे मिटून काढता यायची. पण बाण म्हणजे बाण, त्याच्या पलीकडं मी कधी गेले नव्हते. त्या दिवशी पुस्तक पुढ्यात आणि समोर टाकी, आणि अचानक बाण हलायला लागले. माशांची घाण, कुजलेली पानं, आणि आप्पांचा बेसल डोस. ह्या सगळ्याचा पाण्यात अमोनिया होणार. तो पचवणारे जिवाणू असतात, पण नव्या टाकीत ते अजून आलेलेच नाहीत. कारखाना सुरू होण्याआधीच उसाच्या गाड्या गेटवर लागलेल्या, तसं.

वहिनीला मी हे अडखळत सांगितलं. ती पुस्तकावर वाकून आकृती बघत राहिली.

"मग हे दुधासारखं काय झालंय?"

"जंतूच असावेत. वाढतायत."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"मला वाटतं, दोन्ही."

ती हसली नाही. म्हणाली, "वन्सं, तुम्ही मास्तरीण व्हा." वन्सं म्हणजे नणंद. मी तिच्याहून लहान असूनही ती मला तोवर तुम्हीच म्हणत होती. संध्याकाळी तिनं वडिलांना फोन करून विचारलं. त्यांचंही म्हणणं तेच पडलं, की पाणी रोज थोडं थोडं बदला, सगळं एकदम नको. नळाच्या पाण्यात औषध टाकलेलं असतं, तेव्हा पाणी आधी बादलीत उघडं ठेवा. आणि खाली खत कुणी घातलं?

खत कुणी घातलं ते सांगणं सोपं होतं. ज्यांनी घातलं त्यांना सांगणं अवघड होतं. मी सांगते म्हणाले. वहिनी म्हणाली, नको. रात्रीची जेवणं होताना ती भाकरी वाढायला वाकली आणि तशीच वाकलेली राहून म्हणाली, "मामा, टाकीत तुमचं खत जरा जास्त झालंय."

आप्पांचा घास हातात राहिला. आई चुलीकडं बघायला लागली. सासऱ्याशी तोवर ती पाणी देण्यापुरतंच बोलली होती.

"जास्त झालंय?" आप्पा म्हणाले.

"व्हय," वहिनी म्हणाली. ते व्हय तिच्या तोंडात नवं होतं.

"मग पाणी द्या की. रानात खत जास्त पडलं तर काय करतूय आपण? पाणी देतूय. त्यात काय एवढं." आणि त्यांनी घास घेतला.

पुस्तक, सांगली आणि आप्पा असे तिघंही एकाच ठिकाणी आले होते. सकाळी आप्पांनीच ठिबकच्या नळीचा तुकडा आणला. एक टोक टाकीत, एक बादलीत, आणि तोंडानं ओढून पाणी खाली कसं सोडायचं ते आम्हाला दाखवायला बसले. ओढताना पाणी तोंडात आलं. थुंकून येईपर्यंत आई दारात उभी होती.

"कसं हाय चवीला?"

"डोस लागलाय," आप्पा म्हणाले.

त्या दिवसांचा क्रम मला अजून पाठ आहे. सकाळी थंडीत पाणी इतकं गार की नळी धरलेली बोटं लाल व्हायची. वहिनी टाकीपाशी, मी बादलीपाशी. बादली भरली की ती म्हणायची, "बास," आणि मी नळी उचलायचे. ते तपकिरी पाणी शेवग्याला. आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी हलक्या हातानं आत, ताटलीवर ओतून, म्हणजे खालची माती उठू नये. त्या थोड्या वेळात आम्ही किती बोलायचो. तिच्या कॉलेजबद्दल, कृष्णेच्या घाटाबद्दल, दादाच्या घोरण्याबद्दल. एकदा माझी नळी निसटली आणि सगळा सोपा ओला झाला, तेव्हा ती पहिल्यांदाच माझं नाव घेऊन ओरडली, "अगं अशे, काय करतीयास." नंतर मी कधी वन्सं झाले नाही. मीही तिला तू म्हणायला लागले. हे दोघींपैकी कुणी ठरवलं नाही.

ट्यूबचंही वहिनीनंच मिटवलं. दिवसा बंद, दिवेलागणीला लावायची आणि जेवणं झाली की बंद. "आत्या, मासे पण माणसासारखेच. झोपायला नको?" आईला हे पटलं. मासा झोपतो हे तिला तहानेपेक्षाही खरं वाटलं.

पण पानं गळतच राहिली. टाकीत जागा मोकळ्या दिसायला लागल्या. आणि आईला मोकळी जागा बघवत नाही. उसाच्या लागणीत जिथं कांडी उगवत नाही तिथं दुसरी लावतात, त्याला नांग्या भरणं म्हणतात. हे काम बायका करतात आणि आईचा त्यात हात धरणारं कुणी नाही. ती एकदा रानातून आली ती ओटीत ओलं काही घेऊन. पाटाच्या वाहत्या पाण्यात लांब केसांसारखं डुलणारं गवत असतं, ते तिनं मुळासकट उपटून आणलं होतं. "नांग्या पडल्यात. म्हणलं भराव्यात," एवढं म्हणून तिनं बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घालून ते स्वतःच लावलं. वहिनी बाजूला सरकून बघत होती. नव्या सुनेशी काय बोलावं हे आईला तोवर कळत नव्हतं. मला वाटतं, ते बोलणंच होतं.

त्या गवताबरोबर बारीक गोगलगायीही आल्या, आणि वहिनी दोन दिवस त्यांच्याकडं संशयानं बघत होती. पण गवत झपाट्यानं वाढलं. आप्पांचा जास्तीचा डोस बहुतेक त्यानंच खाल्ला. जुन्या रोपांचे मात्र खाली फक्त देठाचे बुडखे उरले. वहिनी ते उपटायला निघाली तेव्हा आप्पांनी अडवलं. पाण्यात हात घालून एक बुडखा त्यांनी हलकेच ओढून बघितला. "मूळ धरलंय. असू दे." आपल्या खतानं घोटाळा झाला होता, म्हणून असेल, पण पुढं ते रोज येताजाता बघायचे.

अशात लागण उरकली, आणि वहिनीचे वडील आले. एसटीतून उतरून, हातात भडंगाची पिशवी, पायात कडक चपला. आईनं पोळ्या केल्या. वहिनीची बॅग आतल्या खोलीत भरलेली होती. मी ती सकाळीच बघितली होती आणि नंतर त्या खोलीत गेले नव्हते. जेवण झाल्यावर ते टाकीसमोर वाकले. पाणी आधीपेक्षा बरं होतं, पण मागची भिंत अजून धुक्यात. मला त्या धुक्याचा फार राग आला. अजून थोडे दिवस मिळाले असते तर, असं वाटत राहिलं.

"अजून बसलं नाही गं पाणी," ते म्हणाले.

"न्हाई ना," वहिनी म्हणाली. ती त्यांच्या शेजारी वाकली होती. "पप्पा, हे असं मधेच टाकून कशी येऊ?"

"म्हंजे?"

"रोज बदलावं लागतं. चार दिवस चुकलं तर सगळं जाईल."

"जा की गं," आई म्हणाली. "आमी हाय की बदलायला."

"तुम्ही तांब्याच्या हंड्यातलं घालाल, आत्या."

"मग? तांब्यातलं पाणी चांगलं असतंय."

"बघा पप्पा," वहिनी म्हणाली. "तांबं बाधतं माशांना. म्हणून सांगते."

तिच्या वडिलांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बसू दे पाणी. मग बघू." संध्याकाळच्या एसटीनं ते एकटेच गेले. जाताना त्यांनी आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला होता. बॅग वहिनीनं माझ्या माघारी रिकामी केली असावी, कारण रात्री बॅग खोलीत दिसली नाही.

मी इतके दिवस पाणी निवळावं म्हणून धडपडत होते. त्या दिवशी ते निवळलेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला तेव्हा आला नाही. तो आला सांगलीला आल्यावर, कितीतरी उशिरा.

पाणी नेमकं कधी निवळलं ते कुणाला सांगता येणार नाही. एका सकाळी सोप्यातून जाताना टाकीच्या आरपार मागच्या भिंतीवरचा खिळा दिसला, एवढंच. आणि त्याच सुमाराला बुडख्यातून पान आलं. आधीच्या पानांसारखं नव्हतं ते. अरुंद, पातळ, फिकट, पाण्याबरोबर हलणारं. वहिनीला वाटलं दुसरंच काही उगवलं. पुढं इथं ग्रंथालयात मी वाचलं, की ही रोपं विकणारे ती पाण्याबाहेर वाढवतात. हवेतली पानं पाण्यात कामाची नसतात. म्हणून रोप ती सोडून देतं आणि पाण्यातली वेगळी पानं नव्यानं करतं. मधल्या काळात ते मेल्यासारखं दिसतं. हे वाचताना मला वहिनी आठवली, आणि वसतिगृहातले माझे सुरुवातीचे आठवडेही. पण मी तो विचार फार ताणला नाही. रोपाला रोपाचं काम पुरे असतं.

उन्हाळ्यात दादाला क्वार्टर मिळालं. तो न्यायला आला आणि त्याला ट्रंक हवी होती. टाकी अर्धी रिकामी करून आम्ही सगळ्यांनी मिळून ती स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर नेली. वहिनी जाताना रडली, आणि मला त्याचा मनातून आनंद झाला. ती आमच्या घरातून निघताना रडली होती. सांगलीला जायचं माझं तिनं आप्पांकडून आधीच कबूल करून घेतलं होतं, भाकरी वाढता वाढताच.

आता ती खूप लांब आहे, उत्तरेकडं. टाकी घरीच आहे. दिवाळीत गेले होते तेव्हा बघितली. पाणी इतकं नितळ की मासे हवेत तरंगतायत असं वाटतं. आईच्या गवतानं अर्धी टाकी भरली आहे. कुणाला पाणी बदलावं लागत नाही, कुणी नळी ओढत नाही. आई भाकरी थापता थापता चिमूटभर खाणं टाकते, झालं. मी समोर बसून राहिले. सगळं ठीक असलेल्या टाकीपुढं बसून करायचं तरी काय, कळेना. वहिनीशी फोनवरही हल्ली तसंच होतं. बरी आहेस ना? बरी आहे. जेवलीस? जेवले. दादा? ड्युटीवर. काही बिनसलेलं नसतं, आणि बोलणं संपतं.

त्या हिवाळ्यात सगळंच बिनसलेलं होतं. पाण्याला वास होता, काचेवर शेवाळ होतं, एक मासा गेला होता, माझी परीक्षा डोक्यावर होती, वहिनी जाणार होती. आणि मला परत जायला मिळालं तर मी त्याच दिवसांत जाईन. नितळ पाण्याच्या दिवसांत नाही.

काल दुपारी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. टाकीतलं पाणी आणखी पांढरं झालं होतं. काय करायचं ते मला माहीत होतं. थोडं पाणी बदलायचं, गळालेली पानं काढायची, खाणं कमी, उजेड कमी, आणि थांबायचं. मी बाहेर व्हरांड्यात आले आणि वहिनीला फोन लावला. ही तिची स्वयंपाकाची वेळ. मागं कुकरची शिट्टी ऐकू आली.

"वहिनी, आमच्या कॉलेजात नवी टाकी आणलीय."

"बरं?"

"पाणी दुधट झालंय. आणि पानं विरघळतायत. काय करू?"

उत्तर मला येतं हे तिला माहीत होतं. नत्राचं चक्र तिला मीच समजावलं होतं. ती म्हणू शकली असती, अगं तुला माहितीये की सगळं. मी तेवढ्याची वाट बघत, कठड्याचा रंग नखानं खरवडत उभी राहिले.

"पानं कडेनं गळतायत का मधनं?" तिनं विचारलं.

"कडेनं."

"आणि मासे? वर येतायत?"

"एखादा."

"थांब जरा," वहिनी म्हणाली. "गॅस बंद करते. मग सावकाश सांग."

पलीकडं बटण फिरवल्याचा आवाज आला. मग फरशीवरून खुर्ची ओढल्याचा.